नारूभाऊंचं काठाभर ऊन

दिवस बुडाला की आमच्या गल्लीत एक आवाज ठरलेला. नारूभाऊ फाटकाशी येतात, कमरेवर हात ठेवतात आणि कोणी काही विचारलेलं नसताना जाहीर करतात, "आज अडीच काठे ऊन जमा!"

मी समोरच्या गॅलरीतून म्हणते, "मग काय भाऊ, मजा आहे तुमची!"

"मजा कायची वहिनी? अख्खी रात्र काढाची आहे त्याच्यात."

काठा म्हणजे आमच्या छत्तीसगडात धान मोजायचं माप. नारूभाऊंची सगळी उमर अभनपूरला एका धानाच्या व्यापाऱ्याकडे मोजणी करण्यात गेली. गच्चीवर सोलरच्या पाट्या बसवणाऱ्या मिस्त्रीनं त्यांना युनिट, व्होल्ट असलं सगळं बराच वेळ समजावून सांगितलं. ह्यांनी "हव, हव" करत ऐकून घेतलं, आणि तो जिना उतरायच्या आत त्याचे काठे करून टाकले. बॅटऱ्या ठेवल्या बैठकीत, पंख्याखाली, जिथे भल्या माणसाच्या घरी सोफा असतो. पाहुण्यांना बसायला कोपऱ्यातली लाकडी खुर्ची. मी एकदा बोलले तर म्हणाले, "धानाची कोठी कोणी अंगणात ठेवते काय?"

अंधार पडला की हे स्वतः उठून लाइनचं मेन बटन बंद करतात. गल्लीभर वीज झळकत असली तरी ह्यांचं घर आपल्या उन्हावरच चालणार. लाइनच्या विजेनं बॅटरी भरणं तर त्यांना चालतच नाही. घरच्या धानात बाजारचं धान मिसळल्यासारखं वाटतं म्हणे. मग जमा उन्हाची राखण सुरू होते. मिक्सरवर चटणी वाटायची तर दुपारीच. घंटी एकदाच दाबायची, दुसऱ्यांदा दाबली तर आतून ओरड, "आलो ना, ऊन काहून खर्च करून राहिले!" टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून पाहतात, कारण त्यांच्या मते आवाजाला जास्त ऊन लागतं. मी म्हटलं, असं नसते भाऊ. तर म्हणे, "मंडीत पाहा तुम्ही, जो ओरडते त्याले भूक जास्त." आता ह्यावर काय बोलणार, कप्पाळ! आमची सूनबाई एकदा संध्याकाळी गेली, "अंकल, बस फ़ोन चार्ज करना था." "हव बेटा," हे अगदी प्रेमानं म्हणाले, "सुबह आना."

एवढा चिक्कू माणूस, पण त्यांच्या घरात एक बल्ब आणि एक पंखा संध्याकाळपासून उजाडेपर्यंत चालू असतात. ते आक्काच्या खोलीतले.

आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच नारूला वाढवलं. पुढे ती लग्न होऊन गेली, विधवा होऊन परत आली, आणि लग्नबिग्न न केलेल्या भावाच्या घरी राहिली. तिचा मुलगा सुधीर नागपूरला नोकरीला आहे. मागे एका उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर बसला आणि अंधारात आक्का उंबऱ्याला अडखळून पडली. मनगट मोडलं. नजर आधीच अधू झालेली. सुधीर धावत आला आणि स्पष्टच बोलला, "मामा, अजून एकदा असं झालं तर आईले मी घेऊन जाईन." पंधरवड्यात गच्चीवर पाट्या चढल्या. तेव्हा हे काठ्याचं सगळं नाटक दिसतं गमतीचं, पण त्यात आक्काच्या खोलीतला बल्ब विझला की आक्का नागपूरला, एवढा सरळ हिशेब आहे.

आणि ह्या वर्षी ऐन मे महिन्यात सुधीरचा फोन आला. येतोय, एक रात्र राहून बघतो कसं काय आहे ते.

नारूभाऊंनी दोन दिवस आधीपासून टीव्हीच लावला नाही. स्वतःचा पंखा बंद. मला येऊन सांगून गेले, "उद्या तीन काठे भरतो पाहा, शिगोशीग." सकाळी उठून गच्चीवर पाट्या पुसल्या. हे काम त्यांचं रोजचंच. आमच्याकडे गच्चीवर अनवाणी चार पावलं टाकली की तळवे काळे होतात, सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वाऱ्यावर येणारी ती धूळ. नारूभाऊ जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पाट्या अशा पुसतात, की त्यात बघून भांग पाडावा.

दुपारी मी कपडे काढायला गच्चीवर गेले आणि समोर बघते तर काय! नारूभाऊंच्या साऱ्या पाट्यांवर पांढरं धोतर अंथरलेलं, आणि त्यावर ओळीनं तांदळाच्या पापड्या.

"नारूभाऊ!" मी ओरडलेच. "हे काय करून राहिले तुम्ही?"

"आक्कानं पीठ शिजवलं वहिनी. सुधीरले आवडते ना. आजच वाळल्या पाहिजे म्हणते."

"अहो, पण पाट्यांवर?"

"मग कुठं टाकू? खाली काळी धूळ. अख्ख्या रायपुरात एवढी साफ जागा आहे काय दुसरी?" म्हणाले, आणि मग स्वतःच पाट्यांकडे बघत राहिले. तोंडावरचा रंग उतरला. सकाळचं कोवळं ऊन तेवढं आत गेलेलं, बाकी सगळं भर दुपारचं ऊन पापड्यांनी खाल्लं होतं. पण आक्काचा शब्द मोडून पापड्या उचलायची काही त्यांची छाती झाली नाही.

त्या संध्याकाळी ते फाटकाशी आले खरे, पण आवाज निघेना. मीच विचारलं.

"काठाभर," ते हळूच म्हणाले.

सुधीर आला. मलाही जेवायला बोलावलं होतं. आक्का खूष, पापड्या तळण्याचा खमंग वास घरभर. नारूभाऊ मात्र दर पाच मिनिटांनी बॅटरीपाशी जाऊन कान लावत होते. शेवटी अब्रू बाजूला ठेवून ते लाइनचं बटन चालू करायला उठले. बटनाला हात लावला आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ढुम करून बसला. सगळी गल्ली काळीठिक्कर!

"आता?" मी कुजबुजले.

नारूभाऊंनी जागच्या जागी निर्णय घेतला. बैठकीतला दिवा बंद, स्वयंपाकघरातला बंद, अंगणातला बंद. "चला, सगळे आक्काच्या खोलीत!" ताटं, पाट, आमटीचं पातेलं, पाण्याचा तांब्या, सगळी वरात आम्ही त्या दहा बाय दहाच्या खोलीत नेली. एकाच बल्बाखाली, एकाच पंख्याखाली गुडघ्याला गुडघे लावून जेवलो. सुधीर हसून हसून लाल झाला. इतकं छान जेवण कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. आणि बल्ब जळत होता, बिलकुल न लुकलुकता.

मग सुधीरनं आईच्या ताटात पापडी ठेवली. "घे आई." आक्कानं हात पुढे केला, तो भाताच्या पलीकडे, भलतीकडे. दुसऱ्यांदाही चुकला. सुधीरचं हसू थांबलं. त्यानं तिच्या डोळ्यांपुढून हळूच हात फिरवला. आक्का हसतच होती, कसलं तरी जुनं सांगत.

जेवणं झाल्यावर तो मामाला घेऊन ओसरीवर आला. मी तिथेच भांडी ठेवत होते. तो म्हणाला, "मामा, आईले काहीच दिसत नाही आता."

"मले माहीत आहे," नारूभाऊ म्हणाले. "दिवाळीपासून. डॉक्टर म्हणे आता काही होत नाही. तुले सांगायची हिंमत नाही झाली."

"मग पुन्हा पडली म्हणजे? मी उद्याचं तिचं तिकीट काढून आणलं मामा."

"पडते कशी? तिच्या उंबऱ्यावर मी गादी टाकून झोपतो. पडली तर माझ्यावर पडन."

सुधीरनं वळून आत, आक्काच्या खोलीतल्या उजेडाकडे बघितलं. मग म्हणाला, "पण मामा, तिले उजेड काय अन् अंधार काय, सारखंच. एका बल्बासाठी तुम्ही अंधारात काहून बसता?"

नारूभाऊंनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. म्हणाले, "ती रातभर मधून मधून विचारते रे, 'नारू, लाइट आहे ना?' मी 'आहे' म्हणतो, तवा झोपते. अन् आक्काशी खोटं नाही बोललो मी आजपर्यंत."

खरं सांगते, रडूच आलं मला.

तेवढ्यात आतून आक्काचा आवाज आला, "नारू, लाइट आहे ना?"

नारूभाऊ तोंड उघडणार, तर सुधीर त्यांच्या आधी आत गेला. बल्बाकडे मान वर करून त्यानं नीट बघितलं, मगच आईच्या कॉटवर बसला.

"आहे आई," तो म्हणाला. "झोप तू."

दुसऱ्या दिवशी तो नागपूरला एकटाच गेला.