डावीकडे कललेला शिक्का

हिराकुरा नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, आजीवन शिक्षण विभागाचे उपप्रमुख माकिता यांच्याकडे ऑक्टोबरातल्या एका सोमवारी दोन कागद होते. एकावर त्यांना शिक्का मारायचा नव्हता आणि दुसऱ्यावर मारण्याची घाई होती. नगरपालिकेच्या इतिहासात या दोन्ही मनःस्थिती अभूतपूर्व होत्या. तिथे शिक्का मारणाऱ्याला काही वाटावे अशी अपेक्षाच नसते.

पहिला कागद जुलैत आला होता. नगराची एक्केचाळीस वर्षे जुनी बर्फाची रिंक कायमची बंद करावी, असा तो प्रस्ताव. नोव्हेंबरअखेर सातही शिक्के घेऊन तो नगराध्यक्षांच्या दालनातून बाहेर पडला, तर डिसेंबरच्या सभेत मंजूर होणार होता. नाही पडला, तर बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांचा करार जानेवारीत आपोआप आणखी पाच वर्षांसाठी वाढणार होता. म्हणजे रिंक वाचवायला माकितांनी काहीही न करणे पुरेसे होते, आणि या कामाचा त्यांना एकतीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी तो कागद खालच्या खणात, भूकंपाच्या वेळी घालायच्या शिरस्त्राणाखाली ठेवला आणि कुणी विचारले की ते म्हणत, "अभ्यास चालू आहे."

दुसरा कागद आनंदाचा होता. याच रिंकवर घडलेली तेरा वर्षांची कोतोहा उसामी ईशान्य विभागाच्या ज्युनियर फिगर स्केटिंग स्पर्धेत दुसरी आली होती. अशा वेळी नगरपालिकेच्या छतावरून नऊ मीटर लांबीचा अभिनंदनाचा फलक सोडण्याची प्रथा आहे. कल्पना कोतोहाच्या प्रशिक्षिका फुकामी यांची. मदतनीस परवडत नसल्यामुळे बर्फ गुळगुळीत करायचे यंत्रही त्या स्वतःच चालवीत.

"माकिता-सान, एकदा पोरीचं नाव नऊ मीटर लटकलं ना, की तिच्याच रिंकला कुलूप लावायचा कागद मागायची कोणाची छाती होत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "लाज नावाची गोष्ट फार मोठी असते."

"आमच्याकडे ती सातव्या शिक्क्यानंतर येते," माकिता म्हणाले.

शिक्क्यांच्या सात चौकटी कागदावर उजवीकडून डावीकडे अधिकाराने चढत जातात. सगळ्यात उजवीकडे माकिता, सगळ्यात डावीकडे नगराध्यक्ष. कनिष्ठाने आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे त्याचे नाव वरिष्ठाच्या नावापुढे वाकलेले दिसते. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, आणि म्हणूनच तो आजवर कुणी मोडलेला नाही. माकितांचे नाव एकतीस वर्षे वाकत आले होते. घरी येणाऱ्या पार्सलच्या पावतीवरसुद्धा ते वाकत असे.

फलकाचा कागद तीन आठवड्यांत पाचव्या चौकटीपर्यंत पोहोचला. त्याच रविवारी कोतोहाने पूर्व जपानच्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला आणि राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेसाठी पात्र ठरली. सोमवारी माकितांचे विभागप्रमुख कुझुमी यांनी कागद वरून मागवून परत पाठवला.

"विभागात दुसरी, असं लिहिलंय," कुझुमी म्हणाले. "पण ती आता देशपातळीवर निघालीय."

"विभागात ती दुसरी आली होतीच की साहेब. ते काही खोटं झालं नाही."

"खोटं नाही, जुनं झालं. नगराच्या भिंतीवर जुनी बातमी लटकवायची? लोक म्हणतील, नगरपालिका झोपलीय. नव्यानं लिहा." जाता जाता ते थांबले. "आणि तो रिंकचा कागद? तुमचा अभ्यास चाललाय की समाधी लागलीय?"

माकितांनी नवा कागद लिहिला. तो चौथ्या चौकटीत अडकला. सोरोबानच्या, म्हणजे मण्यांच्या पाटीवर हिशेब करायच्या, जिल्हा स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या मुलाला फलक नाही, मग बर्फावर तिसऱ्या आलेल्या मुलीला का, असा प्रश्न शिक्षणप्रमुखांना पडला होता. प्रश्न समानतेचा होता. समानता साधण्याचे दोन मार्ग असतात, दोघांनाही देणे किंवा दोघांनाही न देणे. विद्वानांनी या विषयावर पुष्कळ लिहून ठेवले असले, तरी हिराकुराने तिसरा मार्ग शोधला होता. दोघांचाही विचार करत राहणे. दहा दिवस गेले.

माकितांना आता एका भयंकर गोष्टीची जाणीव झाली. मुलगी ज्या वेगाने चढत होती, त्या वेगाने कागद चढू शकत नव्हता. तिच्या प्रत्येक यशाबरोबर तिची रिंक एकेक पाऊल मरत होती. एके दिवशी पहाटे ते रिंकवर गेले. फुकामी यंत्रावरून उतरत होत्या.

"सेन्सेई, एक विचारू? रागावू नका. तिला जरा... सावकाश जिंकता येणार नाही का?"

फुकामींनी हातमोजे काढले. "म्हणजे पड म्हणून सांगू?"

"पड नाही. जिथं आहे तिथं महिनाभर राहा, एवढंच."

"बर्फावर उभं राहता येत नाही हो, माकिता-सान. उभं राहिलं की घसरायला होतं. ते तुमच्या खुर्चीत जमतं."

कोतोहा कठड्यापाशी बुटांच्या नाड्या आवळत होती. तिने सगळे ऐकले होते. ती अतिशय नम्रपणे म्हणाली, "मी प्रयत्न केला असता. पण जमत नाही. इथली भिंत लवकर येते ना, म्हणून मला लवकर उडी मारायची सवय आहे. बाहेरच्या मोठ्या रिंकवर भिंत येतच नाही. मग एवढी जागा उरते. तिचं काय करायचं? म्हणून मी आणखी एक उडी मारते."

"आणि परीक्षक गुण देतात," फुकामी म्हणाल्या. "या खुराड्याचे उपकार आहेत ते. फलकावर हे लिहा."

माकितांनी मान लववली. ते लिहायला चौकट नव्हती.

राष्ट्रीय स्पर्धा नोव्हेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी सुरू होऊन रविवारी संपणार होती. 'राष्ट्रीय स्पर्धेस पात्र' हे शब्द रविवारी संध्याकाळपर्यंतच ताजे राहणार होते. शुक्रवारी दुपारी मात्र एक योग जुळून आला. नगराध्यक्षांसह सहाही वरिष्ठ अधिकारी अंदाजपत्रकाच्या बैठकीसाठी एकाच दालनात बसणार होते. दोन वाजता कागद आत गेला, तर पाच वाजता शिक्क्यांसह बाहेर येणार होता. माकितांच्या हयातीत ही ग्रहस्थिती दुसऱ्यांदाच आली होती.

साडेबाराला कुझुमी मेजाशी येऊन उभे राहिले. "फलकाचा कागद आज आत पाठवा. शिक्षणप्रमुखांचा विचार झालाय."

"आभारी आहे, साहेब."

"आणि रिंकचाही. दोन्ही एकदमच. आज नाही आला, तर मी स्वतः तुमचा खण उघडीन. शिरस्त्राण बाजूला कसं करायचं, ते मला माहीत आहे."

माकिता जेवणाचा डबा न उघडता बसून राहिले. त्यातल्या आंबवलेल्या आलुबुखाराने भातावर लाल ठसा उमटवला होता, अगदी मधोमध, कुणापुढेही न वाकता. पावणेदोनला त्यांना एकतीस वर्षांतली पहिली युक्ती सुचली.

कागदाला मागे संदर्भ जोडता येतो. संदर्भावर कुणी शिक्का मारत नाही, कारण तो कुणी वाचत नाही. फलकाचा कागद वर आणि रिंकचा कागद मागे, केवळ संदर्भ म्हणून, टाचून पाठवला तर? कुझुमींना म्हणता येईल की गेला. तो खरोखरच जाईल, सहा मोठ्या माणसांच्या हाताखालून फिरेल आणि एकही शिक्का न लागता परत येऊन शिरस्त्राणाखाली निजेल. मग सोमवारी महिना संपेल. माकितांनी फलकाच्या कागदावर आपला शिक्का कलता मारला, मागे रिंकचा कागद लावला, टाचणी मारली आणि जुडगा नोंदणी लिपिक ओझेकी बाईंकडे दिला.

ओझेकी बाईंची पंधरा वर्षांची कारकीर्द निष्कलंक होती. याहून धोकादायक माणूस कचेरीत असू शकत नाही.

दोन वाजता माकितांनी मेजाखाली फोन उघडला. राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला टप्पा सुरू होता. पडद्यावर, अंगठ्याएवढी, निळ्या पोशाखातली कोतोहा मध्यभागी येऊन उभी राहिली. पात्रतेचे शब्द रविवारनंतरही टिकावेत म्हणून तिने पडावे, अशी प्रार्थना करायचे माकितांनी ठरवले होते. संगीत सुरू झाले आणि त्यांच्या लक्षात आले की आपण उलटीच प्रार्थना करतो आहोत.

"माकिता-सान." ओझेकी बाई शेजारी उभ्या होत्या. "तुमच्या जुडग्यात वरच्या कागदावर तुमचा शिक्काच नाही."

"आहे. मारलाय," माकिता खालीच बघत म्हणाले. कोतोहा मागे सरकत वेग घेत होती.

"नाही. चौकट रिकामी आहे. बघता का?"

"ओझेकी-सान, आत्ता नको हो. खणात शिक्का आहे. तुम्हीच लावा."

"मी लावू? तुमच्या वतीनं?"

"लावा ना."

पडद्यावर मुलगी हवेत गेली. तीन फेरे, बर्फाला स्पर्श, पुन्हा तीन फेरे. ओझेकी बाईंनी शाईची डबी उघडली, शिक्का नीट पंधरा अंश डावीकडे वळवला आणि टेकवला. कोतोहा एका पायावर, हात पसरून, लांबच लांब सरकत गेली. माकितांच्या डोळ्यांत पाणी आले.

पाच वाजता जुडगा परत आला. सातही शिक्के होते. ते पहिल्या कागदावर होते, आणि पहिला कागद रिंकचा होता.

"हा वर कसा आला?" माकितांनी विचारले.

"तुम्ही उलटं टाचलं होतंत," ओझेकी बाई सौजन्याने म्हणाल्या. "रिंकचा कागद जुलैचा, फलकाचा नोव्हेंबरचा. जुना क्रमांक वर येतो. मी नीट लावून दिलं. कुणाला सांगणार नाही मी, काळजी करू नका."

"आणि फलक?"

"तो आता संदर्भ आहे. पण मंजूर झालाय, रिंकबरोबरच. एकच प्रकरण म्हणून."

कुझुमी बाहेर आले. एकतीस वर्षांत प्रथमच त्यांनी माकितांच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. तुम्हीच अडून बसाल, असं मला वाटत होतं. तुमचा शिक्का बघितला आणि बाकीच्यांनी वाचलंसुद्धा नाही. म्हणाले, माकितांनी चार महिने अभ्यास केलाय."

रविवारी कोतोहा राष्ट्रीय ज्युनियर विजेती झाली. जागतिक ज्युनियर स्पर्धेसाठी तिची निवड झाली, तेव्हा डिसेंबरची सभा होऊन गेली होती. रिंक बंद करण्याचा ठराव चार मिनिटांत आणि एकमताने मंजूर झाला होता.

फलक रिंकच्याच प्रकरणातला असल्यामुळे तो रिंकच्याच भिंतीवर लावावा लागला. फेब्रुवारीच्या शेवटी, कुलूप लागले त्या दिवशी, तो वरून सोडण्यात आला. 'अभिनंदन. कोतोहा उसामी, राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेस पात्र. एक्केचाळीस वर्षांबद्दल आभार.' नऊ मीटर कापड दारापर्यंत आले आणि त्याखाली बंदची सूचना पूर्ण झाकली गेली. तो वाचून उत्साहित झालेली मुले पुढे महिनाभर बूट घेऊन येत राहिली आणि कापड उचलून कुलूप बघून परत जात राहिली. सूचना दिसावी म्हणून फलक हलवायचा, तर त्याला वेगळा कागद लागत होता.

रिंकच उरली नाही म्हणताना तिच्यासाठी उपप्रमुखाची गरज उरली नाही. मार्चमध्ये माकितांची बदली तळमजल्यावर, रहिवासी नोंदणीच्या तिसऱ्या खिडकीत झाली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खिडकीसमोर कोतोहा आणि तिची आई उभ्या राहिल्या. जागतिक स्पर्धेतले चौथे स्थान घेऊन ती आली होती. हातात बिस्किटांचा डबा होता.

"नागोयाला चाललोय," आई म्हणाली. "तिथं वर्षभर बर्फ असतो. हिला इथून नाव काढून न्यायचंय."

कोतोहाने डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि कमरेत वाकली. "सेन्सेईंनी सांगितलं, माझ्या फलकासाठी तुम्ही खूप धावपळ केलीत. सातही शिक्के एका दिवसात मिळवलेत. असं कधी झालं नव्हतं म्हणे."

"नव्हतं झालं," माकिता म्हणाले. "सेन्सेई कशा आहेत?"

"शाळेची बस चालवतात. म्हणतात, यंत्रापेक्षा जोरात जाते, पण मागे काही गुळगुळीत होत नाही."

माकितांनी स्थलांतराचा अर्ज तपासला. नाव, जुना पत्ता, नवा पत्ता. सगळे बरोबर होते. काही तरी चुकलेले असावे म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा तपासला. मग शाईची डबी उघडली.

"किती दिवस लागतील?" आईने विचारले. "आम्ही शुक्रवारी निघतोय."

"झालंच. चार मिनिटं."

"एवढ्यात? आणखी कोणाकोणाच्या सह्या लागत असतील ना?"

"नाही," माकिता म्हणाले. "जाणाऱ्याला एकच शिक्का लागतो."

अर्जावर खरोखर एकच चौकट होती. तिच्या डावीकडे कुणी विभागप्रमुख नव्हता, कुणी नगराध्यक्ष नव्हता. शिक्का मारून तो सुकावा म्हणून माकितांनी फुंकर घातली आणि अर्ज खिडकीतून सरकवला. कोतोहाने तो बारकाईने पाहिला. बर्फावर रोज रेघा काढणाऱ्या मुलीची नजर होती ती.

"माकिता-सान," ती संकोचून म्हणाली, "शिक्का थोडा तिरका आलाय."

"बरोबर आलाय," माकिता म्हणाले.