एलायझाचं माहेर

सुभेदारीणकाकूंची शेळी रोज सकाळी गोऱ्यांच्या कब्रस्तानात चरायला जायची. शेळीचं नाव कर्नल. नवरा सुभेदार म्हणून निवृत्त झालेला असताना शेळीला हे नाव कशाला, असं कॉलनीतल्या कुणीतरी विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "घरात एक तरी वरचा हुद्दा नगं व्हय?" शेळी दावं तोडून पळाली की साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत ठरलेलं दृश्य दिसायचं. पुढे कर्नल, मागे काठी घेतलेले सुभेदारकाका, आणि फाटकात उभ्या काकू: "आवं, डावीकडनं घेरा तिला."

मी शेजारच्या घरात राहायचे. नुकतीच पदवी घेऊन घरी बसले होते. मला फारसं बोलता यायचं नाही आणि काकूंना ऐकून घ्यायची सवय नव्हती, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

काकूंना जगातल्या प्रत्येक बाईबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची असे. माहेर कुठलं? डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरत असल्या तरी आधी माहेर. बँकेतल्या पेन्शनच्या खिडकीत नवीन बाई आल्या, तेव्हा त्यांचं माहेर शिराळ्याचं असल्याचं कळेपर्यंत रांग पुढे सरकली नाही. कळल्यावरही लगेच सरकली नाही, कारण "मंग नागपंचमीला जाता का न्हाई?" हा प्रश्न राहिला होता.

एकदा त्यांनी कुंपणावरून मला हाक मारली. "इंग्रजी शाळंतली ना गं तू? चल माझ्यासंगं. दगड वाचायचं हायती."

आई आतून म्हणाली, "कब्रस्तानात? लग्नाची पोर आहे ती, काकू."

"समदी लय जुनी हायती," काकू म्हणाल्या. "आता कुणाला धरत न्हाईत."

गेले. कमरेएवढं गवत होतं. कर्नल जिथं चरायची तिथला दगड उघडा पडायचा, आणि काकू मला पुढे करायच्या. मी वाचायचे. अमुक बाई, तमुक साहेबांची पत्नी, तापाने वारली.

"आणि माहेर?"

"ते लिहिलेलं नाही, काकू."

पुढचा दगड. तिथंही नाही. काकू वैतागल्या. "नवरा कोण ते हाय, पलटण कंची ते हाय. बाई कुणाची ते न्हाई. मंग दगड तिचा कसा म्हनायचा?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पोवई नाक्याजवळ पहिलं सायबर कॅफे निघालं होतं, आणि मी अधूनमधून तिथं जाऊन बसायचे, कारण तिथं कुणाशी बोलावं लागत नसे. तिथं मला एक साइट सापडली. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या गावच्या कबरींवरची नावं त्यावर चढवली होती. साताऱ्याच्या पानावर थोडीशीच नावं होती, आणि खाली ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट नावाच्या बाईंची विनंती. माझी पणजी एलायझा हार्डिंग साताऱ्यात वारली. एका सार्जंटची बायको होती. तिचे आईवडील कोण, कुठले, हे मी कितीतरी वर्षं शोधते आहे. माझंही आता वय झालं. तिच्या कबरीवर काही लिहिलेलं आहे का, कुणी बघून सांगेल का?

मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी हातातली चाळण खाली ठेवली.

"बग," त्या म्हणाल्या. "म्हातारीलाबी त्येच पायजे."

गवतातले सगळे दगड वाचून झाले, पण एलायझा सापडेना. राहिला एक कोपरा. तिथं घाणेरीची दाट झुडपं होती आणि घाणेरीला कर्नल तोंड लावत नसे. मग सुभेदारकाकांची भरती झाली. ते पेपर वाचत होते. "शेळीनं सोडलेलं काम मी करायचं?" असं त्यांनी विचारलं.

"आवं, फौजी माणसाची बायको हाय. अशी रानात पडलीय."

काका कोयता घेऊन निघाले.

दुपारपर्यंत एक दगड मोकळा झाला. अक्षरं पावसानं पार झिजली होती. काकूंनी पिशवीतून ज्वारीचं पीठ काढलं, दगडाला चोळलं आणि पदरानं अलगद पुसून घेतलं. खाचांत पीठ राहिलं. मी वाचलं, "एलायझा. सार्जंट थॉमस हार्डिंग यांची प्रिय पत्नी."

"आणि माहेर?"

मी मान हलवली. त्याखाली माती होती.

काकू मटकन बसल्या. काका कोयत्याला चिकटलेला पाला पुसत राहिले. मग काकूंनी मान तिरकी केली.

"ह्यो दगड कलंडलाय गं. खाली बुडालाय. खुरपं आण."

वीतभर माती निघाली आणि आणखी दोन ओळी दिसल्या. परत पीठ. माझा आवाज एरवी कुणाला ऐकू येत नाही, त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेला असावा. "जॉन नोलन यांची कन्या. गाव कॉर्क."

तोवर कर्नलनं मागून येऊन वरच्या 'हार्डिंग'मधलं पीठ चाटून साफ केलं होतं. मी तिला ढकलायला गेले.

"चाटू दे," काकू म्हणाल्या. "नवऱ्याचं नाव हाय ते." काका खोकले. काकूंनी मला विचारलं, "कॉर्क कुठं आलं?"

"आयर्लंडमध्ये. समुद्रापलीकडे."

काकूंनी दगडावर हात ठेवला. "लय लांब दिली गं पोरगी."

दुसऱ्या दिवशी त्या ओटीचं सामान घेऊन आल्या. तांदूळ, नारळ, हिरवा खण. मी म्हटलं, "काकू, ती ख्रिश्चन होती."

"बाई व्हती न्हवं? नवऱ्याआधी गेली, सवाशीण गेली. माहेर घावल्यावर वटी नगं?"

ओटी भरली. तांदूळ कर्नलनं खाल्ले.

मी मार्गारेटबाईंना सगळं लिहिलं, शेळीसकट. "माझ्या शेजारच्या काकूंनी शोधलं," असंही लिहिलं. उत्तर आलं. त्या रडल्या होत्या, हसल्याही होत्या. शेवटी विचारलं होतं, या काकूंचं नाव काय?

उत्तर लिहिताना काकू माझ्या शेजारी खुर्चीत बसल्या होत्या. बाहेर कॅफेवाल्याच्या स्कूटरला कर्नल बांधलेली होती. काकूंचं नाव मला पेन्शनच्या कागदांवरून माहीत होतं. मी टाइप केलं.

"काय लिवलंस?"

"सुलोचना."

"ते खोड. बानी लिव."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"आटपाडीकडं मेंढरामागं हिंडायची ती बानी," त्या म्हणाल्या. "लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीनं सुलोचना लिवलं. झालं. ह्ये तरी कुठं नावानं हाक मारत्यात, 'ऐकलंस का' म्हंत्यात. थोरला भाऊ तेवढा म्हनायचा बानी. त्यो मागल्या साली गेला." मग माझ्या खांद्यावर हलकेच चापट मारली. "लिव की. बगत काय बसलीस."

मी लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मार्गारेटबाईंचं लांबलचक पत्र आलं. कॉर्कला नोलनांची माणसं सापडली होती, एलायझाच्या बाप्तिस्म्याची नोंदसुद्धा. काकूंना केव्हा एकदा सांगते असं मला झालं होतं. "डिअर बानी," मी वाचलं आणि घाईघाईनं पुढच्या ओळीचं मराठी करू लागले.

"थांब," काकू म्हणाल्या. "ती पयली वळ परत वाच."

"डिअर बानी."

त्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होत्या. पदर त्यांनी डोक्यावरून नीट केला.

"ओ," त्या म्हणाल्या.