पाटावरचा कॉम्प्युटर

यंदा खंडेनवमीला घरातल्या एकूणएक हत्याराची पूजा करायची, असं मी ठरवलं. बस, एवढंच ठरवलं होतं हो.

चाळीस वर्षं मी पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फिटर होतो. शाळा चौथीत सुटली (खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं), पण पाना हातात घेतला की मशीन माझं ऐकायचं. तर सकाळी पाट मांडला. हातोडी, पकड, पाना, बायकोची, म्हणजे शारदेची, कात्री, विळी, सगळं ओळीनं बसवलं. मग मनात आलं, शारदा हल्ली कॉम्प्युटरवर लिहिते, म्हणजे तेही तिचं हत्यारच. त्याला का टाळायचं? पण अख्खा डबा पाटावर मावेना. म्हणून त्याच्या मागे खोचलेला बोटाएवढा निळा तुकडा काढला आणि डब्याच्या वतीनं तो पाटावर बसवला. हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. छान दिसत होता.

दुपारी शारदेची हाक आली.

"अहो, माझा लेख उघडत नाहीये!"

आमच्या मंडळात विनोदी लेखांची स्पर्धा होती. संध्याकाळी सहापर्यंत लेख पाठवायचा. तीन वर्षं शारदा दुसरी येत होती, आणि आमच्याच स्नेहलतागंजातल्या शलाकाबाई पहिल्या. यंदा तिनं महिनाभर खपून लिहिलं होतं, मला वाचूही दिलं नव्हतं. आणि आता पडद्यावरच्या चित्रावर टिचकी मारली की इंग्रजीत काहीतरी यायचं आणि ठण्ण वाजायचं.

"सरक जरा," मी म्हटलं. "टेन्शन मत ले. मशीन ते मशीन, आरामसे करू."

माउस खोलला. आतून कापूस निघाला (बराच निघाला). पुसून पुन्हा बसवला. ठण्ण. मग वाटलं, रोज टिचक्या खाऊन चित्रच झिजलं असेल. सुनेनं एकदा शिकवलं होतं, तशी त्याची कॉपी काढली. तीही उघडेना. आणखी काढल्या.

"मघाशी एक उघडत नव्हतं," शारदा म्हणाली, "आता सात उघडत नाहीत. वा भिया, वा! काय इंजिनियर आहे!"

"सात आली ना? म्हणजे मशीन ऐकतंय."

साडेपाचला तिचे डोळे भरून आले. मग मात्र मी सुमेधाला, आमच्या सुनेला, ऑफिसात फोन लावला.

"बाबा, एकदम सिंपल आहे. डेस्कटॉपवर आहे तो नुसता शॉर्टकट. दारावरच्या पाटीसारखा. लेख त्यात नसतोच. डिस्क भरलीये म्हणून आईंच्या सगळ्या फाइली मी पेनड्राइव्हमध्ये ठेवल्यात. निळा आहे बघा, मागे लावलेला. दिसतोय ना?"

"दिसतोय," मी म्हटलं. खोटं नव्हतं. झेंडूखालून तो माझ्याकडेच बघत होता.

शारदेची नजर माझ्या नजरेमागोमाग पाटावर गेली.

"अहो!"

"पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवत नाहीत, शारदे. चाळीस वर्षांत मी कधी..."

"तो तुम्ही उचलता, का मी हातोडी उचलू?"

देवाची माफी मागून उचलला. त्याच्या तोंडात कुंकू गच्च. इथं मात्र माझं खरं काम आलं. जुन्या टूथब्रशनं एकेक कण काढला. शारदा मागे उभी राहून मिनिटं मोजत होती, पण मी काही घाई केली नाही. सहाला बारा मिनिटं असताना तुकडा जागेवर खोचला. टिचकी. उघडलं!

"बघ," मी छाती काढून म्हटलं, "सातातलं कुठलंही दाब. आधी एक रस्ता होता, आता सात केले."

मग बोट ठेवत, अक्षर लावत, मोठ्यानं लेखाचं नाव वाचलं. 'आमच्या ह्यांनी दुरुस्त केलेल्या वस्तू.' खाली मिक्सर होता. गीझर होता. शलाकाबाईंचं शिलाई मशीनही होतं.

मी बोट पार तळापर्यंत नेलं.

"शेवट दिसत नाही याला," मी म्हटलं.

"महिनाभर सुचतच नव्हता," शारदा म्हणाली. "सरका."

शारदा पहिली आली. शेवटाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या म्हणे. बक्षीस म्हणून नवा मिक्सर मिळाला, तो तिनं कपाटात कुलूप लावून ठेवलाय. कुलूपही नवंच आणलं. जुनं मी दुरुस्त केलं होतं.