पाऊण बाटली पाऊस

भर मार्च महिन्यात जांबोटीला दर आठवड्याला पाऊण बाटली पाऊस पडत होता. बेळगावजवळच्या काकतीत टिपूस नाही, शहरात खासबागेत सरांच्या अंगणात नुसती धूळ, आणि जांबोटीत मात्र पाऊण बाटली!

सर म्हणजे बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले प्रोफेसर भीमरत्न. हवामान बदलतंय तसं डोंगरातलं पाणी कुठं जातंय, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी जांबोटीत मालुबाईंच्या परसात पर्जन्यमापक बसवला होता. प्रयोगशाळेतले भरमाण्णा दर सोमवारी बसने जाऊन आतली बाटली आणायचे आणि दुसरी ठेवायचे.

सरांना आधी यंत्राचा संशय आला. त्यांनी मोठी बाटली बसवली. झालं, पाऊसही वाढला! मग सरांनी 'डोंगरातला अदृश्य पाऊस' असा चाळीस पानी शोधनिबंधच लिहून काढला. शुक्रवारी तो बेंगळुरूला तज्ज्ञांपुढे वाचायचा होता, आणि सरांची बढती त्यावरच अडली होती. तरी मनात धाकधूक. म्हणून सोमवारी सर स्वतःच भरमाण्णांबरोबर गेले.

जांबोटीत ऊन मी म्हणत होतं. परस कोरडं ठणठणीत आणि बाटली पाऊण भरलेली.

"मालुआक्का, पाऊस आलता काय?"

"कुठला पाऊस, सर!"

"मग हे पाणी?"

"मी घातलं की. अण्णा एवढ्या लांबनं न्यायला येत्यात. दारातनं रिकामं भांडं कसं पाठवायचं? बरं दिसतंय व्हय?"

सर मटकन ओट्यावर बसले. "आणि पावसाळ्यात?"

"तवा कशाला? देव भरतोय की."

पावसाळ्याचे आकडे तरी शाबूत होते. सर भरमाण्णांकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. तुम्ही पाणी किती तेवढंच इचारत होता."

सरांनी मालुबाईंपुढे हात जोडले. "आक्का, ह्यात पाणी घालू नका. थेंबभरबी नको."

"बरं बाई, न्हाय घालत पाणी," मालुबाई जरा नाराजीनेच म्हणाल्या.

शुक्रवारी सरांनी पावसाळ्यापुरती उरलेली दहा पानं वाचली आणि आपली फजितीही सांगून टाकली. टाळ्या भरपूर मिळाल्या, बढती नाही. सरांना फार वाईट वाटलं.

पुढच्या सोमवारी भरमाण्णांनी टेबलावर बाटली ठेवली. काठोकाठ भरलेली, पांढरीशुभ्र.

"आक्कांनी शब्द पाळला, सर. पाणी न्हाय घातलं. ताक हाय."

सरांनी वहीत 'पाऊस : शून्य' असं लिहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "भरमाण्णा, दोन पेले आणा."