पाठ कोरडी

आमच्या चांदूर बाजार गावात नव्या आलेल्या माणसाला दुपारच्या वेळी एक दृश्य हमखास दिसायचं. पासष्टीचा, उंच, पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ पाठीवर फवारणीचा पंप बांधून भर डांबरी रस्त्यावर फेऱ्या मारतोय आणि हवेत नुसत्या पाण्याचा फवारा उडवतोय. शेत नाही, पीक नाही, किडाही नाही. दहा फेऱ्या झाल्या की गृहस्थ पंप उतरवायचे, सदरा काढायचे आणि बनियनवर उभे राहून त्या सदऱ्याची पाठ हाताने चाचपायचे. तेवढ्यावर समाधान होत नसे. मग रस्त्यापलीकडून मला हाक यायची.

"मास्तर, हात लावून पाहा बरं."

मी वर्तमानपत्र ठेवून जायचो, सदऱ्याला हात लावायचो आणि म्हणायचो, "कोरडी आहे, चाचा."

"पाठ कोरडी!" असं चाचा गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचे आणि मगच पंप त्याच्या हवाली करायचे.

हे रशीदचाचा. माझ्या घरासमोर त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान. मी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे मला दुपारी काम नसे आणि चाचांना साक्षीदार लागे. आमची मैत्री अशी सोयीची होती.

'पाठ कोरडी' हे शब्द त्यांच्या तोंडी इतके बसले होते की 'कसं काय, बरं आहे ना' याच्या जागीही ते हेच विचारत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना मिठी मारली आणि प्रेमाने विचारलं, "पाठ कोरडी नं?" व्याही नागपूरचे, नवा कोट घातलेले. ते दिवसभर मागे हात नेऊन कोट तपासत राहिले.

हंगामात मात्र या फेऱ्यांपायी भांडणं व्हायची. ती कापसाची वाईट वर्षं होती. अळी मरत नव्हती, म्हणून औषध जहाल होत चाललं होतं, आणि तेवढ्यानेही भागेना म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र कालवून मारत होते. शेतीचं जितकं वाईट, तितकी चाचांच्या दुकानी गर्दी. दुसरा दुकानदार गर्दी पाहून खुलतो, चाचा चिडायचे. "चाचा, जल्दी करा नं, अळी वावर खाऊन राहिली," असं कुणी म्हटलं की ते नोझल फुंकता फुंकता मान वर करत. "अळी वावर खाईन. गळका पंप तुले खाईन. बस तिथं."

पूर्वी ते असे नव्हते. पूर्वी पंप दुरुस्त झाला की चालला. ही फेऱ्यांची तऱ्हा कधी सुरू झाली हे मला आठवत होतं, का सुरू झाली हे मी कधी विचारलं नाही. आम्ही सगळे हसत होतो, आणि हसता येत असलं की माणूस विचारत नाही.

अशा माणसाने एका पावसाळ्यात सरडा पाळला.

झालं असं, की चाचा वायसर, म्हणजे पंपाचे रबरी वॉशर, आणायला अकोल्याला गेले. पंपाच्या सुट्या भागांचा तिथला एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा. व्यापाऱ्याची मुलगी शिकायला परदेशी गेली होती आणि तिने हौसेने पाळलेला परदेशी सरडा बापाच्या गळ्यात पडला होता. बाप त्याला नाल्यावर सोडायला निघाला होता. चाचा वायसरांची पुडी एका हातात आणि भोकं पाडलेलं खोकं दुसऱ्या हातात घेऊन एसटीने परतले.

खोक्यातून जे निघालं ते पाहून मी दोन पावलं मागे सरलो. तीस वर्षं मी फळ्यावर सरपटणारे प्राणी काढले, पण प्रत्यक्षात मला पालसुद्धा चालत नाही. हा चांगला वीतभर, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काट्यांची झालर. राग आला की ती झालर फुगायची आणि काळी पडायची, थेट दाढीसारखी. चाचांनी त्याचं नाव 'मियाँ' ठेवलं. गावाने लगेच 'दोन मियाँ' सुरू केलं.

मुलीने दोन पानं सूचना इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. त्या मी मराठीत वाचून दाखवल्या. त्याला बसायला चाळीस अंशांची ऊबदार जागा हवी, हे ऐकून चाचा खो खो हसले. "चाळीस? मे महिन्यात आपल्या इथं चाळीसले लोक स्वेटर घालतीन!" रोज सकाळचं ऊन हवं. वाळूत ठेवू नका, तो ती गिळतो. संत्रं देऊ नका. नव्या घरी आठ-दहा दिवस जेवणार नाही, घाबरू नका, हात लावू नका, शांत राहू द्या.

बाकीचं सगळं चाचांनी अक्षरशः पाळलं. दुकानातलं काचेचं कपाट रिकामं केलं, तळाला फरशी घातली, वर शंभरचा पिवळा बल्ब लावला. शेवटची सूचना मात्र त्यांना झेपेना. घरी आलेला पाहुणा जेवत नाही म्हणजे काय! त्यांनी दुधी चिरून ठेवला, दोडक्याची फुलं ठेवली, शेवटी भाकरीचा पापुद्रासुद्धा ठेवला. काचेला नाक लावून आग्रह करायचे, "घ्या मियाँ, दोन घास तरी घ्या." वरूडचे त्यांचे साडू भेटायला येताना संत्र्यांची पिशवी घेऊन आले, तर चाचांनी ती दारातूनच परत केली. साडू रुसले. चाची पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "इस घर में ये रहेगा या मैं." चौथ्या दिवशी त्याच फुलं बारीक चिरत होत्या.

या जातीचा सरडा घाबरला की पुढचा एक पाय उचलून सावकाश हलवतो. चाचांना तो सलाम वाटला. "पाहा मास्तर, उपाशी आहे, पण तमीज सोडली नाही." आणि तेही दर वेळी कपाळाला हात लावून सलाम परत करायचे. नवव्या दिवशी मियाँने एक फूल खाल्लं. चाचांनी साऱ्या गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटले.

तिथून मियाँ माणसाळला. लाईट गेली की चाचा त्याला सदऱ्याच्या आत छातीशी धरून बसत. सकाळी तो त्यांच्या खांद्यावर ऊन खायचा. पण लहान वयात त्याला पाल्याबरोबर जिवंत किडेही लागतात. आम्ही पुण्याहून अळ्या मागवल्या, त्या पार्सलमध्येच मरून आल्या. मग चाचा भल्या सकाळी बरणी घेऊन वावरांच्या धुऱ्यावर, बांधावर, नाकतोडे धरायला जाऊ लागले.

भादव्यातल्या एका सकाळी त्यांची हाक आली, पण ती नेहमीची नव्हती. मी धावत गेलो. मियाँ फरशीवर पडला होता, मान थरथरत होती, तोंडातून लाळ गळत होती. चाचांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं होतं.

"मास्तर, याले जहर चढलं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाह्यलं आहे म्या."

आणि ते त्याची पाठ धुऊ लागले. तांब्यावर तांब्या, हळूहळू, बोटांनी चोळून. मी म्हणालो, "चाचा, त्याने किडा खाल्लाय, पाठीवर काही नाही." ते ऐकतच नव्हते. "पाठ धुवा लागते आधी. पाठ धुवा लागते." मी शेवटी मियाँला त्यांच्या हातातून ओढून घेतलं, होय, मी, आणि गुरांच्या डॉक्टरांकडे पळालो. डॉक्टरांनी बैलाच्या औषधाचा एक थेंबभर डोस बारीक सुईने टोचला. मियाँ वाचला. ते नाकतोडे एका सोयाबीनच्या धुऱ्यावरचे होते, आदल्याच दिवशी तिथे फवारा झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "फवारा न मारलेल्या वावरातलेच किडे द्या. नाही तर आता हा टिकणार नाही."

आम्ही चार दिवस शिवार पालथं घातलं. ज्याला विचारावं तो अभिमानाने सांगे, "परवाच मारला," "कालच मारला." साऱ्या शिवारात विष न पडलेलं हातभर रान मिळेना. मियाँ पाला हुंगून मान फिरवायचा, त्याच्या कमरेची हाडं दिसू लागली होती. मला तेव्हा शेवंताबाई आठवली. तिचा नवरा सुखदेव दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जायचा, आणि सहा वर्षांपूर्वी फवारता फवारताच त्याला विषबाधा होऊन तो गेला. तेव्हापासून तिने आपल्या दीड एकरात फवारा येऊ दिला नव्हता.

"तिथं नाही," चाचा म्हणाले.

"का?"

"तिथं नाही म्हणलं नं."

पाचव्या सकाळी मात्र तेच माझ्या दारात आले, हातात बरणी. वाटेत निम्म्यावर थांबले आणि माझ्याकडे न पाहता बोलले.

"मास्तर, सुखदेवचा पंप म्याच दुरुस्त केला होता. गर्दी होती. टाकीचं वायसर चिरलेलं दिसलं मले. नवं आणाले अकोल्याले जा लागत होतं. म्हणलं, दोन दिवस चालन." त्यांनी बरणीचं झाकण घट्ट पिळलं. "दिवसभर त्याच्या पाठीवर गळत होतं. लोक म्हणाले, ऊन होतं, हवा उलटी होती, औषध जहाल होतं. माह्यं नाव कोणी नाही घेतलं. एकानंही नाही."

सहा वर्षं मी त्या सदऱ्याला हात लावत आलो होतो आणि हसत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

शेवंताबाई वावरातलं तण निंदत होती. सरड्याला नाकतोडे हवेत म्हटल्यावर ती हसली आणि कामाला लागली. तिचे हात भलतेच चपळ. नाकतोडा धरायचा आणि पदराच्या गाठीत टाकायचा. चाचांना एकही सापडेना. तीन सकाळी असंच झालं, मियाँ खाऊ लागला, पण चाचा तिथे मान वर करत नव्हते.

चौथ्या सकाळी ते म्हणाले, "शेवंताबाई, त्या पंपाचं वायसर..."

"चिरलेलं होतं," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "पंप मीच धुतला होता, चाचा. मले दिसलं होतं."

चाचा तिथेच, ओल्या मातीत खाली बसले.

"दुसऱ्या वर्षी मी पंप घेऊन आली होती तुमच्याकडं. मले कुठं फवारा मारायचा होता? तुमाले दाखवाले आणला होता. वाटलं, आज तरी बोलतीन. तुमी सारे वायसर बदलले, पंप पाठीवर घेतला, दहा फेऱ्या मारल्या अन् मले म्हणाले, पाठ कोरडी. मंग मी गेली घरी." तिने पदराची गाठ सोडली आणि नाकतोडे बरणीत झटकले. "सहा वर्षं लागले तुमाले. घ्या, धा आहेत. त्याले उपाशी नोका ठेवू."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. चाचांनीही माफी मागितली नाही. ती पुन्हा निंदायला वाकली.

परतीच्या वाटेवर चाचा माझ्या पुढे चालत होते. दुकानात येऊन त्यांनी कपाट उघडलं, एकेक नाकतोडा मियाँच्या पुढे धरला. सात खाऊन झाल्यावर मियाँने पाय उचलून हलवला. चाचांनी कपाळाला हात नेला, पण तो तिथेच राहिला.

मग ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठीवर पंप नव्हता.

"मास्तर, हात लावून पाहा बरं."

मी हात लावला. दोन कोस चालून सदरा घामाने चिंब झाला होता, पाठीला चिकटला होता.

"ओली आहे, चाचा."

"हो," ते म्हणाले. "ओलीच होती." आणि सदरा न काढताच ते बाकावर बसले.