चार पानं कढीपत्ता

कढीपत्त्याला कीड लागली आणि अप्पांच्या तोंडची चव गेली. घोडपदेवच्या त्या चाळीत, गॅलरीच्या टोकाला, रंगाच्या रिकाम्या ड्रममध्ये ते झाड लावलं होतं त्यांच्या बायकोने, लक्ष्मीने. ती जाऊन वर्ष झालं, तरी मजल्यावरच्या प्रत्येक फोडणीचा त्या झाडावर हक्क होता. लक्ष्मीने कधी कुणाला रिकाम्या हाती पाठवलं नव्हतं. आता मात्र पानांच्या पाठीला काळे खवले चिकटले होते आणि फांद्या वाळत चालल्या होत्या.

सून प्राची एका प्रयोगशाळेत पिकांच्या औषधांवर काम करायची. तिने एक छोटीशी बाटली आणली.

"नॅनो औषध आहे, अप्पा. कडुलिंबाचंच तेल, पण एका थेंबाचे इतके बारीक थेंब केलेत की डोळ्यांना दिसायचे नाहीत. ते पान धरून बसतात. थोडक्यात काम होतं, विष ओतावं लागत नाही."

"ह्या अत्तराच्या बाटलीन माझा झाड जगतला?"

"जगेल. फक्त आठवडाभर एकही पान तोडायचं नाही. कुणीही."

अप्पांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारची सीमा दारात हजर.

"अप्पा, चार पानं द्या ना. पोहे टाकतेय."

अप्पांना 'नाही' म्हणता येईना. लक्ष्मीच्या दारातून पोरगी रिकामी कशी पाठवायची? "तू हो फुडे, मी घेऊन येतंय," म्हणत त्यांनी जिना गाठला, नाक्यावरच्या भाजीवाल्या कमलाबाईकडून कढीपत्ता घेतला आणि घरी येऊन त्याचे वाटे केले. प्रत्येक वाट्याला पांढरा दोरा बांधून सवयीने गिरणीतली गाठ मारली. मागावरचा तुटलेला धागा एका हाताने जोडणारी ती गाठ चाळीत आता फक्त अप्पांनाच येत होती.

झाडाची पानं दोऱ्यात बांधून कशी आली, हे सीमाने विचारलं नाही. संध्याकाळी मजल्यावरचाच बुधाजी आला. मग तळमजल्यावरचा अजित आला, जो पोह्यातला कढीपत्ता वेचून ताटाबाहेर काढायचा.

"काय वास सुटलाय, अप्पा! नॅनो म्हणजे नॅनो!" अजित जुडी हुंगत म्हणाला.

अप्पांच्या फेऱ्या वाढल्या. उरलेल्या जुड्या पलंगाखालच्या डब्यात लपू लागल्या. "घरभर वास सुटलाय, झाड सुधारतंय बहुतेक," प्राची खूश होऊन म्हणाली, तेव्हा अप्पांना ठसका लागला.

शेवटी कमलाबाईनेच विचारलं, "अप्पा, हॉटेल टाकलंत की काय?" आणि टोपलीतली जुडी पुढे केली.

जुडीला पांढरा दोरा होता. दोऱ्याला गिरणीतली गाठ होती.

"ही खयसून आणलंस?"

"सीमाने दिली. घरात पडून सुकतोय म्हणाली."

अप्पा तणतणत वर आले. सीमाच्या उघड्या फ्रिजच्या दारात त्यांच्याच जुड्या ओळीने बसल्या होत्या.

"लागणा नाय, तर मागतंस कित्याक?"

सीमाने मान खाली घातली. "पान तोडू नका, असं प्राचीने पहिल्याच दिवशी चाळभर सांगितलेलं, अप्पा. पण लक्ष्मीकाकी जाताना म्हणालेल्या, 'चार पानं मागायला जात जा गो, नायतर आमचे हे दार लावून बसतील.' म्हटलं, आठवडाभर कुणीच आलं नाही तर? वाटलं, तुम्ही नाही म्हणाल, दोन शब्द बोलाल, आम्ही परत येऊ. तुम्ही तर जुड्याच द्यायला लागलात! मग घ्यायच्या नाहीत, असं कसं म्हणायचं?"

अप्पांना वाटत होतं, लक्ष्मीचं दार आपण राखतोय. दार तर तीच उघडं ठेवून गेली होती. त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसायची त्यांना लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झाडापाशी वाकले. काळे खवले सुकून गळत होते आणि एका फांदीच्या टोकाला कोवळी, तांबूस पालवी फुटली होती.

"अप्पा, चार पानं..." सीमा सवयीने दारात आली.

"नाय!" अप्पा आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. "एक पान मेळाचा नाय. बस गो, चाय टाकतंय."

ती बसली. तिच्या मागोमाग बुधाजी आणि अजित आले, ते आपापले कप घेऊनच.