एकशे अठरा घोडे आणि अण्णांचा दम

पहिला गिअर

अण्णांच्या थोरल्या मुलाची गाडी आखूड होती, पण तिच्याबद्दलचं बोलणं लांबलचक.

"अण्णा, तीनच सिलेंडर, पण एकशे अठरा घोडे! टर्बो आहे ना. इंजिनात हवा कोंबतो. हवा म्हणजेच दम."

अण्णांनी चौतीस वर्षं ट्रक हाकला होता. हल्ली दोन जिने चढले की त्यांच्या छातीत शिट्टी वाजायची.

"हवा कोंबतो?" दम खात ते म्हणाले. "मग मलाही बसव एक."

दुसरा

आठ महिन्यांत गाडीही चढावर शिट्टी मारू लागली. थोरल्यानं आपल्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता दोन मेसेज सोडले. गाडीचा मिस्त्रीला, अण्णांचा डॉक्टरीणबाईंना. निदान त्याची तशी समजूत होती.

डॉक्टरीणबाईंना गेला: "चढावर दम तुटतो. शिट्टी वाजते. सकाळी काळा धूर."

मिस्त्रीला गेला: "वर्ष ७१. चढताना शिट्टी. सकाळी सुरू व्हायला अर्धा तास." बापाबद्दलही तो हल्ली गाडीच्याच भाषेत लिहायचा.

तिसरा

डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं: "आत्ताच्या आत्ता आणा. चढू देऊ नका."

थोरला दुकान टाकून घरी धावला. फोन टेबलावर ठेवून फाइल शोधायला आत गेला. तेवढ्यात मिस्त्रीचं उत्तर आलं. अण्णांनी ते बिनचष्म्याचं, फोन हातभर लांब धरून वाचलं. नाव बारीक होतं, दिसलं नाही. मजकूर दिसला.

"एवढं चाललं तेच नशीब. आता हात लावू नका. भंगारात काढा."

थोरला बाहेर आला तेव्हा अण्णा पिशवीत टॉवेल आणि दाढीचं सामान भरत होते.

"चल. तुझी डॉक्टरीण स्पष्ट बोलते. आवडली आपल्याला."

पुन्हा पहिला

दवाखाना टेकाडावर. अर्ध्या चढावर गाडीनं लांब शिट्टी मारली आणि मान टाकली. अण्णा दार उघडून उतरू लागले.

"चढायचं नाहीये तुम्ही!"

"मग घोडे पाठव."

थोरल्यानं त्यांना पाठुंगळी घेतलं. एकशे अठरा घोड्यांचं काम एक गाढव करू लागलं. अण्णा फार हलके झाले होते. वजन त्यानं पेललं असतं, तो हलकेपणा पेलवेना.

दारातल्या नर्सनं दोघांच्या शिट्ट्या ऐकल्या, आणि मास्क थोरल्याच्या तोंडाला लावला.

"मी नाही, बाई, माझ्या पाठीवरचे," तो आतून म्हणाला.

न्यूट्रल

छातीचा फोटो बघून डॉक्टरीणबाई त्याला बाहेर घेऊन गेल्या. दोन मिनिटं हळू बोलल्या. मग विचारलं, "आणि तो काळा धूर कसला?"

थोरल्यानं फोन उघडला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो आत आला.

"अण्णा, भंगाराचा मेसेज मिस्त्रीचा होता. माझी गल्लत झाली."

अण्णांच्या चेहऱ्यावर रंग आला. "म्हणजे मी उगाच दाढीचं सामान आणलं. मग डॉक्टरीण काय म्हणाली?"

थोरला ऑक्सिजनची नळी सरळ करत राहिला. ती सरळच होती.

"म्हणाल्या, दम धरा."

"अरे, दम असता तर धरला नसता का?" अण्णा हसले. हसताना शिट्टी वाजली.

एकशे अठरा घोड्यांचा मालक पिशवीतलं दाढीचं सामान काढून खाटेशेजारच्या कपाटात लावू लागला.